आमचं मन कामात आहे का, हे माउसला विचारू नका

प्रति,
आमच्या कंपनीचं व्यवस्थापन आणि एचआर विभाग, पुणे

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना उद्देशून हे पत्र आहे त्यांना ते लगेच कळेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही, कारण याच धर्तीची पत्रकं निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगावात घरी बसून काम करणाऱ्या इतरांनाही त्यांच्या त्यांच्या कंपन्यांकडून आल्याचं ऐकते आहे.

आपल्या नव्या पत्रकात तीन गोष्टी आहेत. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर बसणार. ते दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणार आणि माउस-कीबोर्ड किती वेळ हलले ते मोजणार. त्यातून प्रत्येकाला शंभरापैकी 'एंगेजमेंट स्कोअर', म्हणजे कामात मन किती आहे याचा आकडा, मिळणार. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कॅमेरा चालू ठेवून जो 'फन अवर' होतो, त्याची हजेरीही त्यात धरणार. आणि सलग दोन तिमाही ज्याचा स्कोअर सत्तरच्या खाली राहील, त्यानं पुण्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं. ज्याला जमणार नाही त्याचं काय, हे पत्रकात लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही म्हणा.

मी हे आधी आतल्या आत विचारून पाहिलं. मॅनेजरना विचारलं, ते म्हणाले वरून आलंय. वर विचारलं, तर 'आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. नोंद कुठं घेतली ते कळलं नाही, म्हणून हे चार लोकांसमोर.

मी निपाणीची. आपण लहान-मध्यम रुग्णालयांना बिलिंगचं जे सॉफ्टवेअर विकता, त्याच्या सपोर्ट टीममध्ये काम करते. पूर्वी पुण्यातच ऑफिसात होते. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी आले आणि मग आपणच सांगितलंत की आता इथूनच करा. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारनं बीपीओसारख्या सेवांसाठीच्या दूरसंचार खात्याच्या अटी सैल करून घरून काम करायला मोकळीक दिली. पुढं आपण ऑफिसचा एक मजला सोडलात, भाडं वाचलं. ते वाचलं याचा आम्हालाही आनंदच होता.

आमच्या भागात या गोष्टीचं मोल काय आहे ते पुण्यातून दिसत नसेल. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. दरवर्षी पोरं इंजिनियर होतात आणि पुण्याची नाहीतर बेंगळूरची गाडी धरतात. कर्नाटक सरकार 'बियाँड बेंगळूरू' म्हणून हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात उद्योग आणायचं बोलतं. आणोत बापडे. पण सीमाभागातल्या मराठी पोरापुढं राज्य सरकारी नोकरीला कन्नडची अट आणि पुण्यात राहायचं भाडं, एवढ्या दोनच गोष्टी उभ्या असताना तिसरी वाट मिळाली ती या लॅपटॉपमुळं. माझ्या घरी सासू-सासरे आहेत, थोडी शेती आहे, मुलगी इथल्या मराठी शाळेत जाते. माझ्यासारख्याला 'पुण्यात रुजू व्हा' सांगणं म्हणजे बदली नव्हे. ते काय आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता गाऱ्हाणी.

पहिलं आणि सगळ्यात मोठं मोजणीचं. मागं एका रुग्णालयाची तक्रार वारंवार येत होती. डिस्चार्जच्या वेळी काही रुग्णांचं बिल जास्त निघायचं आणि नातेवाईक कॅश काउंटरवर भांडायचे. सगळ्यांचं नाही, अधूनमधून कुणाचं तरी. अशी तक्रार सपोर्टवाल्याला नकोशी असते, कारण ती पुन्हा करून दाखवता येत नाही. मी एका दुपारी जुनी बिलं समोर ठेवून नुसती वाचत बसले. मग रात्रपाळीच्या कॅशियरला फोन लावला आणि रात्री वॉर्ड बदलताना नोंद नेमकी कोण, केव्हा करतं ते विचारत राहिले. उलगडा झाला तो असा: रुग्णाला मध्यरात्रीच्या आसपास जनरल वॉर्डातून आयसीयूत हलवलं की त्या तारखेचं खाटेचं भाडं दोन्हीकडं लागत होतं. डेव्हलपरना लिहून कळवलं आणि तिकीट, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, बंद झालं.

त्या दुपारी माझा माउस जवळजवळ हलला नव्हता. नवं सॉफ्टवेअर तेव्हा असतं तर माझ्या अख्ख्या नोकरीतली ती सगळ्यात 'निष्क्रिय' दुपार ठरली असती. उलट ज्या दिवशी मी तेच ते साचेबंद उत्तर चिकटवून तिकिटं पटापट बंद करते, त्या दिवशी मी शंभरापैकी शंभर. आपण ज्याला बक्षीस देणार आहात ते हेच.

माणसं मोजणीप्रमाणं वागायला शिकतात. माउस आपोआप हलवत ठेवणारं यंत्र बाजारात मिळतं, ते आपल्या मोजणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये काही कर्मचाऱ्यांना कीबोर्ड चालू असल्याचा नुसता आभास निर्माण केल्याबद्दल काढून टाकलं, ती बातमी आपणही वाचली असेल. त्या बातमीवरून बरेच जण 'बघा, घरून काम करणारे कसे फसवतात' एवढंच म्हणाले. जिथं काम न बघता हालचाल बघतात तिथं लोक हालचाल पुरवतात, ही त्या बातमीची दुसरी बाजू. आमच्यात कामचुकार नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत. ऑफिसातही होते, आणि चहाच्या मशीनपाशी कोण किती वेळ उभं असतं याचा स्कोअर तेव्हा कुणी काढत नव्हतं.

मायक्रोसॉफ्टनं २०२२ साली बऱ्याच देशांतल्या लोकांची पाहणी केली होती. आपण नीट काम करतो असं म्हणणारे कर्मचारी ८७ टक्के होते. आपली माणसं काम करताहेत असा पुरा भरवसा असलेले वरिष्ठ मात्र १२ टक्के. आपलं पत्रक या दोन आकड्यांमधल्या दरीतून आलेलं आहे. ती दरी आपल्या मनात आहे, तर यंत्र आमच्या लॅपटॉपवर का?

दुसरं गाऱ्हाणं आहे ते स्कोअर कुणाला विचारायचा याचं. चाचणी म्हणून काही जणांना आधीच आकडे आले आहेत. एकीला एकसष्ट आले. का एकसष्ट, हे तिला मॅनेजर सांगू शकले नाहीत, एचआर सांगू शकलं नाही. 'सिस्टिम काढते' म्हणाले.

इथं मला आजीची गोष्ट सांगावीच लागेल. घरून काम २०२० मध्ये सुरू झालं असं आपल्या पत्रकावरून वाटतं. निपाणीत ते कित्येक पिढ्या चालू आहे. तंबाखूच्या वखारींच्या या गावात बायका कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा आणायच्या, घरी विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबानं मजुरी घ्यायच्या. माझी आजी त्यातलीच. तयार माल नेऊन दिला की चेकर तो तपासायचा आणि नापसंत विड्या बाजूला काढायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही. का काढली हे विचारायची सोय नाही. 'पानंच खराब दिली हुती की' असं एखादी म्हणालीच, तर पुढच्या खेपेला तिला आणखी खराब पानं. आजीनं आयुष्यभर पाठ मोडेपर्यंत काम केलं, पण तिचा राग कष्टांवर कधी नव्हता. तिचा राग छाटीवर होता, म्हातारपणीसुद्धा.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून विडी वळणारी बाई त्यात कामगार म्हणून धरली गेली. आणि कच्चा माल, छाट, छाटीची मजुरी यावरून मालकाशी वाद झाला तर तो ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढं नेता येईल अशी तरतूद त्यात आली. ती कितपत पाळली गेली ही मोठी आणि दुःखाची कहाणी आहे, ती इथं नको. पण निदान कागदावर तरी, सही येत नसलेल्या बाईला 'का?' असं विचारायची जागा देशानं १९६६ मध्ये करून दिली. आपल्या पत्रकात इंजिनियरांना तेवढीही जागा नाही. स्कोअर मान्य नसेल तर कुणाकडं जायचं, याचं एक वाक्य त्यात नाही.

तिसरं गाऱ्हाणं पावसाचं. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटी, कणकुंबी वगैरे, हा सह्याद्रीचा माथा आहे. मलप्रभा तिथंच उगम पावते. जून ते सप्टेंबर तिथला पाऊस पुण्याच्या पावसासारखा छत्री घेऊन फिरायचा नसतो. तारांवर झाडं पडतात, हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, माणसं जंगलातनं वाट काढत दुरुस्तीला येईपर्यंत वीज नसते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि नेटवर्कही जातं. आमचा एक सहकारी तिकडचा. वीज गेली की तो रेनकोट चढवून मोटारसायकलवरून खानापूर गाठतो, ओळखीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो आणि शिफ्ट पुरी करतो. चाचणीच्या काळात त्याचा तो प्रवासाचा वेळ 'निष्क्रिय' म्हणून लागला. एवढा भिजत जाऊन काम पुरं करणाऱ्या माणसाला आपलं यंत्र म्हणतं, तुझं कामात मन नाही.

त्याला इन्व्हर्टरसाठी पैसे मिळतील का असं त्यानं विचारलं होतं. 'पॉलिसीत नाही' असं उत्तर मिळालं. ऑफिसात वीज गेली तर जनरेटर कंपनीचा. आमच्या घरी वीज गेली तर दोष आमचा.

चौथं लहान आहे, पण दरवर्षी टोचतं. आमच्या सुट्ट्यांची यादी पुण्याची आहे. लोकसभेला ७ मे २०२४ रोजी बेळगाव आणि चिकोडी मतदारसंघांत मतदान होतं. पुण्यात ते १३ मेला होतं. १३ तारखेची सुट्टी सगळ्यांना लागली आणि ७ तारखेला आम्हाला मतदानासाठी रजा टाकायला सांगितलं. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते. त्या दिवशी बेळगावात काय वातावरण असतं, कोण मिरवणूक काढतं आणि कोण काळा दिवस पाळतं, ते राजकारण या पत्रात नको. पण रस्ते बंद, दुकानं बंद, पोलीस जागोजागी, आणि आमच्या टीमला त्याच दिवशी महिन्याच्या रिलीजची मीटिंग, असं दरवर्षी व्हावं का? आम्ही कुठं राहतो हे कंपनीला माहीत आहे, पगाराच्या चिठ्ठीवर पत्ता आहे.

आता शुक्रवारचा फन अवर. आयोजन करणाऱ्या मुलींबद्दल मला राग नाही. त्या मन लावून करतात. पण संध्याकाळी सहा ही घरात सगळ्यात गर्दीची वेळ. मुलं शिकवणीहून आलेली, म्हातारी माणसं चहाची वाट बघणारी, आणि मी कॅमेऱ्यासमोर हसत हौजीचे आकडे खोडते आहे, कारण हसले नाही तर स्कोअर कमी होईल. करमणुकीची हजेरी घेतली की ती कवायत होते.

एकटेपणाचा प्रश्न मात्र खरा आहे. तो मी नाकारत नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासी कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगतात. कॉल सेंटरमधल्या काही जणांना नऊ महिने घरून काम दिलं, त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यानं घटलं. घरून कामाच्या बाजूचे लोक इथंच थांबतात. पुढची गोष्ट अशी की प्रयोग संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी आपणहून पुन्हा ऑफिस निवडलं, आणि एकटं वाटणं हे त्याचं मोठं कारण होतं. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा २०२० मधला अभ्यासही आहे. सगळे घरी गेल्यावर लोकांचं बोलणं आपापल्या ओळखीच्या माणसांपुरतं राहिलं, दुसऱ्या टीमशी येणंजाणं आटलं, असं त्यात दिसलं. हे मी रोज बघते. नवीन लागलेल्या पोरांचे तर फार हाल होतात. कुणाला विचारायचं तेच त्यांना कळत नाही. चॅटवर प्रश्न टाकायचा म्हणजे सगळ्यांसमोर आपलं अज्ञान दाखवायचं, म्हणून गप्प बसतात आणि दोन दिवस वाया घालवतात.

आजीच्या वेळी दुपारी शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन आमच्या सोप्यात यायच्या. काम प्रत्येकीचं वेगळं, मजुरी वेगळी, पण बसायच्या एकत्र. नव्या पोरीला पान कसं कातरायचं, तोंड कसं मुडपायचं ते तिथंच शिकवलं जायचं. एकीचा दोरा संपला तर दुसरी द्यायची. कारखान्याच्या मालकाला या बैठकीची कल्पना नव्हती आणि त्यानं कधी त्याची हजेरीही मागितली नाही.

आमचीही अशी बैठक आहे, आपल्याला बहुधा माहीत नसेल. बेळगाव जिल्ह्यातले आम्ही घरून काम करणारे कधीतरी शनिवारी बेळगावात भेटतो. आपल्या कंपनीचे काही, दुसऱ्या कंपन्यांचे काही. खर्च ज्याचा त्यानं. गप्पा होतात, तक्रारी होतात, आणि न ठरवता कामही निघतं. वर सांगितलेल्या खाटेच्या भाड्यासारखंच एक प्रकरण वडगावच्या एका पोरानं तिथं कॉफी पिताना बोलून सोडवलं. चॅटवर ते आठवडाभर लोंबकळत होतं. फन अवरवर जो खर्च होतो त्यातला थोडा या भेटीच्या जागेवर आणि जेवणावर झाला तर कुणालाही हजेरी घ्यावी लागणार नाही.

पाचवं गाऱ्हाणं बढतीचं, आणि ते मी सगळ्यात जपून लिहिते. सीट्रिपच्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली होती. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी चांगली असूनही त्या मानानं त्यांना बढत्या कमी मिळाल्या. समोर दिसत नाही तो आठवत नाही. आपल्याकडं तसं होतं का? मला माहीत नाही, कारण आपण कधी आकडे दिले नाहीत. सीमाभागातल्या आम्हा कुणाला टीम लीड झालेलं मी पाहिलेलं नाही, एवढं मात्र सांगू शकते. त्याच कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम आहे, ब्लूम यांनी पुढं १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. तो २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिलेल्यांच्या बढत्यांत आणि कामगिरीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. म्हणजे घरून काम केलं की बढती मागं पडलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. अर्थात तिथली माणसं उरलेले तीन दिवस ऑफिसात दिसत होती. आम्ही दिसत नाही. म्हणून तर आकडे मागते आहे.

याच्याशी जोडूनच मॅनेजरचं. माझे आधीचे मॅनेजर दर पंधरवड्याला फोन करायचे. तिकिटांचा हिशेब त्या फोनवर कधीच नसायचा. 'कुठं अडतंय? कंटाळा कशाचा येतोय? पुढं काय शिकायचंय?' एवढंच. त्या माणसासाठी आम्ही रात्री उठून सर्व्हर बघितले आहेत आणि कुणी कुरकुरलं नाही. आता मॅनेजरकडं इतकी माणसं आहेत की फोनऐवजी डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट येतो. आणि शिफ्ट संपल्यावर रात्री साडेनऊला 'क्विक कॉल' येतो, तो मात्र नेमानं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी तशा अर्थाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. कायदा होईल तेव्हा होईल. घरातल्या बाईला तर दोन्हीकडून ऐकावं लागतं. ऑफिसवाले म्हणतात 'घरीच आहेस ना, मग कॉल घे', आणि घरचे म्हणतात 'घरीच आहेस ना, मग कुकर लाव'.

मग घरी बसलेल्या माणसाचं मन कामात राहतं ते कशानं? विल्यम कान या संशोधकानं १९९० साली उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना कंपनीतली माणसं यांचा अभ्यास करून तीन गोष्टी सांगितल्या. केलेल्या कामाला काही अर्थ आहे असं वाटणं. मनातलं बोललं तर आपलं नुकसान होणार नाही याची खात्री असणं. आणि कामात जीव ओतायला अंगात आणि डोक्यात त्राण उरलेलं असणं. आपल्या एचआरच्या प्रशिक्षणात कान यांचं नाव येतं, मी ती स्लाइड पाहिली आहे. आता या तिन्हीशी आपलं पत्रक ताडून पाहा. स्क्रीनचे फोटो काढल्यानं कामाचा अर्थ वाढत नाही. सत्तरची तलवार डोक्यावर असताना कुणी खरं बोलणार नाही. आणि उरलेलं त्राण शुक्रवारच्या हौजीत जातं.

त्या खाटेच्या भाड्याच्या तिकिटाचं पुढं काय झालं, दुरुस्ती रुग्णालयापर्यंत पोचली की नाही, हे मला कंपनीतून कुणीही सांगितलं नाही. फार नंतर दुसऱ्याच कामासाठी त्या कॅशियरला फोन केला तेव्हा तो सहज म्हणाला, 'मॅडम, आता रात्रीची भांडणं बंद झाली बघा.' त्यानंतरचा आठवडाभर मी ज्या हुरुपानं काम केलं तो कुठल्याही बक्षिसानं आला नसता. ही एक ओळ मला पोचवायला कंपनीला काय पडलं असतं?

तर मागण्या अशा आहेत.

स्क्रीनचे फोटो आणि माउसची मोजणी बंद करा. सुरक्षेसाठी काही नोंद ठेवणं भाग असेल तर ती सुरक्षेपुरती ठेवा, बढती-बदलीशी जोडू नका. आमचं काम मोजायचं असेल तर जरूर मोजा. आठवड्याला काय करायचं ते आधी ठरवा आणि शेवटी ते झालं का, कसं झालं ते बघा. कुणालाही कुठलाही आकडा दिलात तर त्याचं कारण लेखी द्या, आणि तो मान्य नसेल तर आपल्या मॅनेजरखेरीज तिसऱ्या कुणाकडं तरी दाद मागायची सोय ठेवा. त्या दादीचा निकाल लागेपर्यंत कुणालाही पुण्याला बोलावू नका.

मॅनेजरकडं माणसं कमी द्या आणि पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाशी बोलणं हे त्यांच्या कामाचा भाग करा. ग्राहकाकडून जे बरंवाईट कळतं ते तिकीट सोडवणाऱ्यापर्यंत पोचवा, वाईट आधी पोचवलंत तरी चालेल. नव्या माणसाला पहिले तीन महिने एक जुना सोबती नेमून द्या आणि त्या सोबत्याचा तेवढा वेळ कामात धरा. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या इंटरनेट जोडणीचा खर्च कंपनीनं उचलावा. पावसाळ्यात वीज गेल्याचं कळवलं तर तेवढे तास पुढंमागं करायला मुभा असावी. सुट्ट्या आणि मतदानाचा दिवस कर्मचारी राहतो त्या राज्याप्रमाणं धरावेत. शिफ्टनंतर कॉल नको, खरंच आग लागली असेल तर ती आग कोणत्या प्रकारची ते आधी ठरवून लिहून द्या. फन अवर ऐच्छिक करा. बेळगावात तिमाहीला एक दिवस भेटायला जागा आणि जेवण द्या. तिथं पुण्याहून एखाद्या वरिष्ठानं आलं तर फारच उत्तम. वंदे भारत पुण्याहून थेट बेळगावला येते.

आणि गेल्या तीन वर्षांत ऑफिसातल्या आणि घरून काम करणाऱ्या किती जणांना बढती मिळाली, ते आकडे जाहीर करा. ते आमच्या बाजूनं निघाले तर मी माझं पाचवं गाऱ्हाणं जाहीरपणे मागं घेईन.

पुढच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, याचं उत्तर द्यावं आणि तोवर सॉफ्टवेअर बसवणं थांबवावं, ही विनंती. हे पत्र मी आपल्याला माझ्या नावानिशी ई-मेलनं आधीच पाठवलं आहे, इथं फक्त नाव गाळलं आहे. उत्तर मराठीत द्या, इंग्रजीत द्या, कसंही चालेल. पण त्याखाली 'एचआर टीम' असं न लिहिता एखाद्या माणसाची सही असावी, म्हणजे पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा ते आम्हाला कळेल.

कळावे,
आपली,
सपोर्ट विभागातली एक कर्मचारी
निपाणी, जि. बेळगाव